अण्णांची मिल

कळंब, सोमवार, संध्याकाळ

सकाळी माझ्या डाळमिलची मोटार जळाली. वाळवलेली तूर भरडायची राहिलेली, अन् उद्या लातूरला माल पोचवायचा. पहिलीच मोठी ऑर्डर! धावत व्यापारी संघटनेत गेले. अध्यक्ष काशिनाथअण्णा, गावातली दुसरी डाळमिल त्यांचीच. त्यांनाच कसं सांगायचं? तरी सांगितलं.

"तूर घेऊन या. आज माझी मिल तुमच्यासाठी चालंल."

"अण्णा, तुमचं गिऱ्हाईक?"

"थांबतील की. संघटना काय नुसती हारतुऱ्यासाठी हाय व्हय?"

दिवसभर ते स्वतः चाळणीपाशी उभे. शेवटचं पोतं टेम्पोत चढलं, तेव्हा मूठभर डाळ हातात घेऊन म्हणाले, "ताई, माझ्यापेक्षा तुमची डाळ लई चांगली हाय."

दोन वर्षं या माणसाला मी वैरी समजत होते. का बरं?