लॅपटॉप लगेच सुरू झाला तो रविवार

मंगळवार, १२ तारीख
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असावी. इकडे आईचा गुडघा ठीक आहे, दुकान चालू आहे, आणि खिडकीतली जी कुंडी मेली असं आपण सगळ्यांनी ठरवलं होतं, तिला पालवी फुटली आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडता येतं.

रविवारी कॉल कट केल्यावर तू मला मेसेज करून विचारलंस, "मुद्दाम केलंस ना?"

नाही. काय झालं ते क्रमाने सांगते.

शनिवारी मी तुझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलली. जाताना तू ठेवून गेलीस तोच. झाकणावर तुझं कात्रीचं स्टिकर अजून आहे, एक पातं झिजून गेलंय. अलीकडे तो इतका मंदावला होता की बटण दाबल्यापासून तुझा चेहरा दिसेपर्यंत आईचा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. बाकी सगळं धड होतं, म्हणून नवा घेतला नाही. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावर जागा शोधत हिंडते. नव्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये हलणारं काहीच नसतं. मागितलं की मिळतं.

काम दुकानातल्या कापायच्या टेबलावर केलं, कारण घरात तेवढा उजेड दुसरीकडे नाही. बाबांनी एक पांढरा तुकडा पसरला आणि प्रत्येक स्क्रूसाठी खडूने एकेक गोल काढून दिला, ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी. पद्धत चांगली आहे, मी ऑफिसातही वापरणार आहे. मग त्यांनी टाचण्या उचलायचं लोहचुंबक पुढे केलं. "हे घे, एकही हरवणार नाही." मी दोन्ही हातांनी लॅपटॉप झाकला. "अहो बाबा, ते लांब न्या!" ते दचकून थेट दारापर्यंत गेले आणि चुंबक पाठीमागे धरून तिथूनच बघत राहिले.

तुझे कपड्यांचे ड्राफ्ट, फोटो, सगळं आधी नव्या ड्राइव्हवर जसंच्या तसं उतरवून घेतलं, तपासलं, आणि मगच जुनी डिस्क उघडली. त्याची गरज नव्हती. आत काय असतं ते बाबांना बघायचं होतं. तबकडी आरशासारखी निघाली. आईने ती खिडकीत उभी करून ठेवली आहे. दुपारी तिच्यावर ऊन पडलं की छतावर उजेडाचा एक गोल उमटतो आणि सावकाश सरकत जातो, तुझ्या पलंगाच्या वरून भिंतीकडे. आई आडवी पडून तो बघत असते. परवा मला म्हणाली, "यातच होतं का गं सगळं तिचं?" मी म्हटलं, "होतं. आता नाही." ती म्हणाली, "असू दे, तरी छान दिसतं."

मीही थोडा वेळ तिच्या शेजारी पडले. दुकानातून मशिनचा आवाज येत होता, थांबत, पुन्हा येत. तो गोल बघताना वाटतं की घर पाण्याखाली आहे आणि वरून कोणीतरी दिवा घेऊन हळूच चाललं आहे. असं काही मी सहसा लिहीत नाही, तुला माहीत आहे.

आता रविवार.

बाबांबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही. मीही सांगितली नसती. दर रविवारी तुझ्या कॉलसाठी लॅपटॉप सुरू करायचे ते बाबा. आई नाही, मी नाही. केस ओले करून विंचरायचे, फ्लॅनेलच्या तुकड्याने स्क्रीन पुसायचे, बटण दाबायचे. मग तो जागा होईपर्यंत आईशेजारी बसून तिला प्रश्न सांगायचे. आतून घरघर सुरू असायची, स्क्रीन काळी असायची आणि हे दोघे तिच्यासमोर हळू आवाजात बोलत बसायचे, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसे.

"विचार, बसून बसून पाठ दुखते का."

"हं."

"आणि तिकडे कडा शिवताना ओव्हरलॉक मशिनला दोरा तुटतो का. दमट हवेत तुटतो."

"मला ओव्हरलॉक कळतं तरी का? तिला संशय नाही येणार?"

"तू विचार ना. माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं."

"तुमचं नाव घ्यायला तुम्ही काय पंतप्रधान लागून गेलात?"

उजेड आला की ते उठायचे आणि पडद्यापलीकडे दुकानात जायचे. मशिन बंद ठेवून. तू कधी विचार केला होतास का, की आपला कॉल सुरू असताना दुकानातून आवाज कसा येत नाही? आणि आई, जिला साधं बटण लावायचा कंटाळा, ती तुला सुईचा नंबर का विचारते?

मी प्रोग्रॅम असा लावून ठेवला आहे की लॅपटॉप सुरू झाला की तो आपोआप उघडतो आणि तुझा कॉल आपोआप उचलतो. आईला बटण सापडत नाही म्हणून. ही सोय जुनीच आहे. ड्राइव्ह बदलताना मी सगळं तपासलं: वेग, तापमान, फाइली. बाबा तपासायचे राहून गेले. त्यांचं सगळं त्या उशिरावर बेतलेलं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं. स्क्रीनवर बोटाचा डाग दिसला म्हणून पुन्हा फडकं घेऊन वाकले. तू आधीच वाजवत होतीस. फडक्याखाली तुझा चेहरा आला.

तुला काय दिसलं असेल ते मला कळतं. एकदम मोठं झालेलं त्यांचं तोंड आणि एक हात. मला बाजूने दिसलं ते वेगळं होतं. त्यांचा हात थांबला नाही. तुझं कपाळ, गाल, हनुवटी, ते पुसतच राहिले, फार हलक्या हाताने. मग त्यांच्या लक्षात आलं. तू कट केलंस.

आवाज थोडा मागून पोचतो. त्यामुळे ते काय म्हणाले ते तुला ऐकू गेलं नसणार. ते म्हणाले, "खांद्यावरून ढळतोय ड्रेस. बारीक झालीस गं."

एवढंच. इतक्या वर्षांनी.

स्क्रीन रिकामी झाल्यावर त्यांनी फडक्याची घडी घातली. मग मला विचारलं, "हे पुन्हा पहिल्यासारखं हळू करता येईल का? थोडंसंच." मी नाही म्हटलं. करता येतं, सोपं आहे. पण मी नाही म्हटलं. एवढी एकच गोष्ट मी मुद्दाम केली आहे.

का, ते लिहायचं मी पत्राच्या पहिल्या ओळीपासून टाळते आहे. मला दुसऱ्या शहरात काम मिळालं आहे. पुढच्या महिन्यात जाणार. नेटवर्कचंच काम, पण मोठं. घरी अजून सांगितलेलं नाही. लॅपटॉप म्हणूनच दुरुस्त केला, माझ्यावाचून चालावा म्हणून. पण माझ्या मागे रविवारी काय होईल ते डोळ्यांसमोर येतं. बाबांनी तुझ्याबद्दल आईला विचारायचं आणि माझ्याबद्दलही आईलाच विचारायचं, आणि स्वतः पडद्यापलीकडे मशिन थांबवून बसायचं. मी दोन्हीकडचे निरोप पोचवत आले, त्यात अवघड काही नव्हतं. आता कोणी नसेल. मला भीती वाटते, ताई. हे वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं. दोनदा वाचलं, बरोबर आहे.

तुझी बाजू मला पाठ आहे. गिऱ्हाइकासमोर तू त्यांचं कटिंग जुनाट म्हणालीस, ते म्हणाले, "एवढं कळतं तर माझ्या दुकानात पाय ठेवू नकोस," आणि तू तो शब्द अक्षरशः पाळलास. आपल्या घरात दुकानातून गेल्याशिवाय आत जाता येत नाही, हे तेव्हा त्यांच्याही ध्यानात नव्हतं. शब्द परत घेणं त्यांना जमत नाही. तुलाही जमत नाही. तुम्ही दोघं कापडाच्या एकाच थानातले आहात, आई म्हणते.

काल संध्याकाळी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरात ढकलाढकलीचा आवाज. मागच्या दाराला टेकवलेलं कापडाचं मोठं कपाट बाबा एकटेच सरकवत होते. ते दार उघडं मी पहिल्यांदाच बघितलं. पलीकडची बोळ दिसत होती, एक सायकल, वाळत घातलेल्या चादरी.

"हे काय, बाबा?"

"वारा येत नव्हता आत."

आई चुलीपाशी उभी होती. "इतकी वर्षं श्वास कशाने घेत होतो कोण जाणे," ती म्हणाली. बाबांनी बिजागऱ्यांना मशिनचं तेल घातलं आणि दार दोन-तीनदा उघडून-मिटून पाहिलं. करकरत नाही आता.

आज सकाळी दुकानात हँगरला एक ड्रेस लटकला होता, निळ्या सुती कापडाचा. मी माप बघितलं. लांबी तुझी, जुनी. खांदा कमी घेतला आहे, अंदाजाने. एका नजरेत त्यांनी किती घेतलं ते तूच ठरव. सगळी कच्ची शिलाई आहे. मी विचारलं, "पक्की कधी मारणार?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ट्रायल झाल्याशिवाय?"

तुला तर मी काही समजावून सांगायलाच नको.

या रविवारी ते आधी खुर्चीत बसतील आणि मग बटण दाबतील, असं मला वाटतं. खुर्च्या दोन ठेवल्या आहेत, त्यांनीच. तू वाजव किंवा वाजवू नकोस. पण कट करण्याआधी आवाज पोचेपर्यंत थांब.

आणि यायचं ठरवलंस तर बोळीतून ये. दुकानात पाय ठेवावा लागणार नाही. दाराला दिवसा कडी नसते, वाऱ्यासाठी.

तुझी,
अजून घरात असलेली धाकटी