सासऱ्यांच्या समाधीस आमचे पक्के घर ठरविल्याबाबत

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
पहिले घर साहाय्य कक्ष,
लातूर.

अर्जदार: सौ. शिवगंगा रविकिरण हालकुडे, धंदा डबे पुरविणे, रा. भाड्याच्या खोलीत, लातूर.

विषय: शेतातील समाधी "कुटुंबाचे पक्के घर" धरून नाकारलेले पहिल्या घराचे अनुदान व मुद्रांक शुल्काची सवलत मंजूर करणेबाबत, ते जमत नसल्यास सदर समाधीत दोन मोठी माणसे व दोन लेकरे यांची राहण्याची व्यवस्था करून देणेबाबत.

संदर्भ: १) आपले नामंजुरीचे पत्र.
२) आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर झालेले तोंडी बोलणे.
३) त्यावर अर्जदाराच्या सासूबाई पहिल्यांदा जे बोलल्या ते, परंतु ते कागदावर घेण्याजोगे नाही.

महोदय,

१. अर्जदार क्लाससाठी बाहेरगावाहून लातुरात येऊन राहणाऱ्या पोरांना डबे पुरविते व तिचे पती रविकिरण डाळमिलमध्ये मिस्त्री आहेत. लग्न झाल्यापासून हे कुटुंब भाड्याने राहते. जून लागला की लातुरातल्या घरमालकांना संसारी भाडेकरू नकोसे होतात, कारण त्याच खोलीत पोरांच्या चार कॉट बसतात आणि दर कॉटचे भाडे वेगळे येते. ज्या पोरांना अर्जदाराने जेवू घातले, त्यांच्याचसाठी तिला दरवर्षी बिऱ्हाड हलवावे लागले आहे. पोरांविषयी तक्रार नाही. ती बिचारी पातळ वरण निमूट खातात. म्हणून यंदा रिंग रोडपलीकडे दोन खोल्यांचे घर अर्जदाराच्या नावे ठरविले. बाईच्या नावे घेतल्यास सवलत व पहिलेच घर असल्यास अनुदान, असे आपल्या कार्यालयाच्या फलकावर एका हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली लिहिलेले आहे. अनुदान आले की किल्ली, असे बिल्डरचे म्हणणे आहे. सध्याच्या घरमालकाने या महिन्याअखेर खोली मागितली आहे.

२. आपल्या पत्रात म्हटले आहे की मुरुडजवळील मौजे करडवाडी येथे अर्जदाराच्या पतीच्या नावे एक खोली, स्लॅबचे छत व वीजजोडणी असलेले पक्के घर आहे. हे अक्षरशः खरे आहे. फक्त त्यात अर्जदाराचे सासरे लिंगैक्य मलप्पा आहेत. आमच्या लिंगायत समाजात माणूस गेल्यावर जाळत नाहीत; मांडी घालून बसवितात, आपल्याच शेतात माती देतात व वर समाधी बांधतात. रविकिरण यांनी मिलमधून रजा काढून ती स्वतःच्या हातांनी बांधली. बापासाठी सिमेंट वापरताना हात आखडता घेतला नाही, हाच काय तो त्यांचा गुन्हा. सासूबाई नीलम्मा शेजारीच पत्र्याच्या खोलीत राहतात. ती खोली कच्ची असल्याने आपल्या कार्यालयाला तिची काही अडचण नाही.

३. आता विजेविषयी. समाधी बांधून झाली तेव्हा सासूबाईंनी हट्ट धरला की आत बल्ब पाहिजे. "जितेपणी कधी अंधारात निजले न्हाईत ते. आता कसं ठिवायचं?" बल्बला मीटर लागते, मीटरला घरपट्टीची पावती लागते आणि पावतीला घर लागते. ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, "घर म्हणून नोंद घालतो, कुणाचं काय बिघडतंय?" तेव्हापासून हे कुटुंब समाधीची घरपट्टी भरते. पाणीपट्टीही भरते. मलप्पांनी गेल्यापासून तांब्याभरदेखील पाणी वापरलेले नाही, हे सिद्ध करण्यास अर्जदार तयार आहे.

पुढे आपले पाहणीचे साहेब आले. ते बांधावरच उभे राहिले, चिखलात बूट घालणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांच्या मोबाईलमध्ये पक्के, कच्चे व अर्धवट एवढेच पर्याय होते. समाधी सरकारला सुचलेली नाही. आत कोण असते, असे त्यांनी लांबूनच विचारले. सासूबाई म्हणाल्या, "आमचे हायत की. बसलेत." हे त्या गमतीने बोलल्या नाहीत. त्या रोज सकाळी समाधीपुढे बसून मलप्पांना सोयाबीनचा भाव सांगतात व तो पडला असेल तर त्यांच्यावरच चिडतात. साहेबांनी अहवालात लिहिले: "कुटुंबप्रमुख घरीच आहेत. विश्रांती घेत असल्याने भेट झाली नाही." इतका खरा अहवाल आपल्या कार्यालयाकडून क्वचितच गेला असेल.

अर्जदार आपल्या खिडकीवर आली तेव्हा तिथल्या साहेबांनी घर रिकामे असल्याचा दाखला मागितला. ग्रामसेवकाने तो दिला नाही. "ताई, रिकामं हाय असं कसं लिहू? रिकामं न्हाई ना ते." अर्जदार पुन्हा खिडकीवर आली. साहेब म्हणाले, "आम्ही नियमानंच करून राहिलो बाई. पाडून टाका अन् पाडल्याचा फोटो आणा, लगेच काम करून देतो." हे त्यांनी चहा पिता पिता सांगितले.

अर्जदाराने घरी येऊन हे संतापून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पतींनी शेजाऱ्यांची पहार मागून घेतली व करडवाडीची वाट धरली. अर्जदार पाठोपाठ गेली. सासूबाई समाधीच्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. खिडकीवरचे बोलणे आदल्याच दिवशी फोनवर त्यांच्या कानी गेले होते व संदर्भ क्रमांक तीन तेव्हाच घडला होता. आता मात्र त्या शांत होत्या. त्यांनी पहारीकडे पाहिले, सूप बाजूला ठेवले, उठून बल्ब बंद केला आणि म्हणाल्या, "पाड. जन्मभर गळक्या पत्र्याखाली काढलं त्यांनी. नुसत्या मातीत बी निभावतील. तुझ्या लेकरायला घर होऊ दे."

महोदय, डाळमिलची अवजड यंत्रे एकट्याने उघडणारा हा गडी बांधावर बसून लेकरासारखा रडला. अर्जदारही रडली. सरकारी अर्जात रडणे लिहावे की नाही याचा नियम अर्जदारास ठाऊक नाही, परंतु घडले ते घडले. पहार तशीच परत आली. बल्ब अर्जदाराने पुन्हा लावला.

सबब विनंती की समाधीस समाधी म्हणावे व अर्जदाराचे अनुदान आणि सवलत मोकळी करावी. ते घरच आहे असा आपला आग्रह असेल तर ते मलप्पांचे आहे. त्यांनी जन्मात दुसरे घर केले नाही, त्यामुळे तेही पहिलेच ठरते. तरी त्यांचे अनुदान त्यांना व अर्जदाराचे अर्जदारास द्यावे. आणि पाडल्यावाचून भागतच नसेल, तर ते शुभकार्य आपल्याच हस्ते व्हावे. पहार सोबत जोडली आहे. फायलीत मावली नाही म्हणून आपल्या कपाटाला टेकवून ठेवली आहे. केव्हाही यावे. सासूबाई दारातच असतील. त्या कोणालाही चहा दिल्याशिवाय परत पाठवीत नाहीत. फक्त दार ठेंगणे आहे. आत शिरताना साहेबांना मान वाकवावी लागेल.

अजून तरी नम्र,

(सही)
सौ. शिवगंगा रविकिरण हालकुडे
लातूर, दि. ९ जून २०२५

सोबत:
१) घरपट्टी व पाणीपट्टीच्या पावत्या.
२) समाधीचा फोटो, बल्ब चालू असताना.
३) पहार, एक नग. (शेजारच्या अण्णारावांची आहे. आपला धीर न झाल्यास परत मिळावी.)