तो राजा हरला, आप्पा

आप्पा, तो राजा हरला. इराणचा, समुद्राला फटके मारायला लावणारा. तुम्ही कधी सांगितलं नाही, कारण तुम्हालाच माहीत नव्हतं. हायस्कूलचे शिपाई तुम्ही. वर्गाबाहेर स्टुलावर बसून इतिहासाचा तास ऐकायचा, आणि गोष्ट रंगात आली की उठून घंटा द्यायला जायचं. संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून सांगताय, ग्रीक लोकांवर चालून जायला राजानं समुद्रावर पूल बांधला, वादळानं तो मोडला, तर यानं पाण्यालाच चाबकानं झोडपून काढलं. मी विचारते, मग जिंकलं कोण. तुम्ही म्हणता, "तास संपला," आणि ताट पुढे सरकवता. पस्तीस वर्षं तो माणूस माझ्या डोक्यात पाण्याला मारतोच आहे. मला अर्धवट काही सोसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

शेवट कळला तो लेकीकडून. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तुम्ही गेल्यावरची ती. सतरा वर्षांची आहे, जन्म इथलाच, विलायतेतला, इल्फर्डचा. मी कांदा चिरत होते, ती समोर पुस्तक उघडून बडबडत होती, ग्रीक असे नि पर्शियन तसे. मी सहज म्हणाले, समुद्राला फटके मारणारा तोच का. ती बघतच राहिली. "आई, तुला कसा माहीत?" म्हटलं, माझ्या वडिलांनी सांगितलंय, पण कोण जिंकलं ते सांग आधी. हसली. म्हणाली, राजा हरला, ऑबव्हियसली. त्याच्या बोटी फार, जागा चिंचोळी, एकमेकींत अडकून बसल्या. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. मग म्हणाली, "पण हे सगळा ग्रीक लोकांनी लिहिलाय, आई. पर्शियन लोकांचा साइड कोणी विचारलाच नाही." तिला तेच शिकायचंय, केंब्रिजला जाऊन.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मी इथे एका शाळेच्या किचनमध्ये काम करते, पोरांना दुपारचं जेवण वाढते. बरोबरच्या बायकांना मी तुमची गोष्ट कितीदा तरी सांगितलीय, की माझा बाप गावभरच्या पोरांसाठी घंटा वाजवायचा आणि स्वतःच्या पोरीला त्यानं सातवीतून काढलं. त्या चुकचुकतात. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. आई खोकून खोकून अंथरुणाला खिळली होती, धाकटी तिघं होती, त्यातलं एक रांगतं, हे मी कधी सांगितलं नाही. आणि तो दिवसही नाही सांगितला. माझी शाळा सुटून महिना झाला असेल. तुमचा डबा घेऊन हायस्कुलात आले आणि वर्गाच्या खिडकीपाशी उभी राहून ऐकू लागले. तुम्ही दंडाला धरून मला फाटकापर्यंत नेलंत. "तू इथं दिसलीस की मला घंटा देता येत नाही. येऊ नकोस परत." मी ते हाकलून देणं धरलं. इतकी वर्षं तसंच धरलं. आता भांडी घासताना ते वाक्य उलटंसुलटं करून बघते, आणि नीट बसत नाही कुठेच. जरा बोलला असतात तर काय गेलं असतं तुमचं.

आता माझं ऐका. सोमवारी केंब्रिजचं पत्र आलं. घरात कॉम्प्युटर आहे, तरी हे लोक पत्रच पाठवतात. ती कॉलेजला, हे बसच्या ड्युटीवर, घरात मी एकटी. माझं इंग्रजी वाचन तुम्हाला माहीत आहे, तरी बोट ठेवून ठेवून वाचलं. मुलाखतीला बोलावलंय, शुक्रवारपर्यंत फोन करून येते म्हणून कळवायचं. मी ते पाकीट पिठाच्या डब्यामागे सारलं. मंगळवारी ती विचारते, "आई, माझा लेटर आला का?" म्हटलं, नाही. बुधवारी तेच. तिचे बाबा म्हणतात, जाऊ दे की, हुशार आहे. त्यांची ना नव्हतीच. घरात कोणी आजारी नाही, कोणी रांगतं नाही. ती गेली की माझ्यापुढे बसून बोलायला कोणी उरत नाही, एवढंच माझं कारण. तुमच्याकडे निदान आईचा खोकला होता.

आज गुरुवार. ती कोट चढवत होती, तेव्हा पाकीट हातात दिलं आणि म्हटलं, पोस्टानं उशीर केला बघ. पाकीट मी सोमवारी वाफेवर उघडून भाताच्या शितानं परत चिकटवलं होतं. घाईत एक शीत कडेला राहिलं होतं, वाळून कडक झालेलं. तिनं ते नखानं खरवडलं. माझ्याकडे पाहिलं. मी गॅस बारीक केला. तिनं पत्र वाचलं, बाहेरच्या खोलीत जाऊन फोन लावला, आणि मला मधूनमधून फक्त येस, येस, थँक्यू ऐकू येत होतं. परत येऊन म्हणाली, "पोस्टवाले पण ना, आई," आणि निघून गेली.

तिला कळलंय, आप्पा. आणि मी अजून पोस्टाचंच नाव सांगतेय. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही विचारणार नाही.