देवीला न विचारलेला शब्द

१२ जानेवारी १९५६
आज बाळाला पाजायचंच राहिलं! तो रडून रडून लालबुंद, आणि मी समोर बसून भिंतीकडे बघतेय. सासूबाई धावत आल्या. "आई हायस का वैरीन?" काय सांगू? रडूसुद्धा येत नाही.

१३ जानेवारी
मेले तर बरं.

१९ जानेवारी
हे मुंबईहून आले, अलिबागला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेलँकोलिया. वेड नव्हे, बाई. बाळंतपणानंतर होतं काहींना. बरं होतं." बरं होतं! एस.टी.त सगळी वाट तो शब्द घोकत आले. म्हणजे माझ्याआधी कुणाला तरी झालंय, म्हणून तर नाव पडलं.

घरी सांगितलं. सासूबाई ह्यांच्यावर फणकारल्या, "हरेश्वर, कसला रं त्यो शब्द? वेडालाच इंग्रजीत तसा म्हनत असतील." नणंदेनं, शकूवन्संनी, बाळाला उचललं. त्यांना मूल नाही. बाळ लगेच शांत झालं.

२२ जानेवारी
ठरलं. गावदेवीला कौल लावायचा— बाहेरचं की वेड? देवीच्या खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर बाहेरचं: भगत येईल, अंगारेधुपारे, पण मी घरात. डावी पडली तर मला वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचं आणि बाळ शकूवन्संना.

मी म्हटलं, डॉक्टरांचा शब्दही विचारा की देवीला. हे उखडले, "देवीला खांदे दोनच हायत!"

खरंच आहे म्हणा.

२४ जानेवारी
डावीच पडू दे. सगळेच सुटतील एकदाचे.

२७ जानेवारी
देवळात गेलो. सासूबाईंनी तबकातली एकेक पाकळी गुरवाच्या हातात दिली— आधी उजवी, मग डावी. त्यानं गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांचे डोळे देवीवर. मी शकूवन्संच्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं. डावी नको गं आई, नको! इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं.

उजवी पडली. मी तिथंच बसून रडले. आता भगत काय मारझोड करायची ती करो.

२८ जानेवारी
सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "डाव्या पाकलीला मी गूल लावला व्हता, पडू नये म्हनून. देवी बघून घेल मना. तू त्यो डाक्टरचा शब्द परत सांग. हरेश्वराच्या बालंतपनाच्या येलंला मनापन त्याच झाला व्हता."