ताटांवरच्या दुसऱ्या पाण्याबाबत

प्रति,
मा. सहायक निबंधक,
सहकारी संस्था,
धारूर, जि. बीड.

अर्जदार : सत्यभामा सटवा वाघमारे, सभासद व कॅन्टीन कामगार, चिंचमळा सहकारी दूध संस्था, मु. पो. चिंचमळा, ता. धारूर.

विषय : भंगारातून आणून दुरुस्त केलेले ताटे धुण्याचे जुने मशीन अर्जदाराच्या हातून काढून घेतल्याबाबत, आणि ते का काढून घेतले हे कोणी बोलत नसल्याबाबत.

संदर्भ : चेअरमन यांचा तोंडी आदेश. लेखी मागितला, दिला नाही.

महोदय,

१. सदर अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अर्जनविसाने अर्धी हकीकत ऐकली आणि "बाई, ह्यातलं खरं तेवढं गाळा, मग लिहून देतो," असे सांगितले; म्हणून अर्जदार उठून आली. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे वाचन भजी बांधायच्या रद्दीवर. भाषेत चूक सापडली तर माफी असावी. हकिकतीत सापडणार नाही.

२. संस्थेच्या शीतकरण केंद्रावर दूध घालणारे शेतकरी, टेम्पोवाले व कामगार यांच्यासाठी कॅन्टीन आहे. तेथे ताटे धुण्याचे काम अर्जदार व बायनाबाई उत्तरेश्वर डोईफोडे या दोघींकडे होते. कामाची रीत अशी की, अर्जदार मागच्या अंगणात ताटे घासते, धुते, पालथी घालते. मग बायनाबाई ती आतल्या ओट्यावर घेते, एकेका ताटावर तांब्याने पुन्हा पाणी ओतते आणि फळीवर लावते. ह्याला कॅन्टीनमध्ये "दुसरं पाणी" म्हणतात. ते कशासाठी, हे कोणी कधी सांगितले नाही व अर्जदाराने विचारले नाही. अर्जदार भीमनगरात राहते, एवढे लिहिले म्हणजे आपणासही विचारायची गरज पडणार नाही.

३. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि केंद्र टँकरवर आले. संचालकांनी ठरवले की ताटे बंद करून कागदी पत्रावळ्या आणाव्यात व दोन्ही बायांना घरी पाठवावे. त्याच सुमारास अर्जदार भावकीतल्या लग्नासाठी गेवराईला गेली होती. तिथे हायवेच्या कडेला भंगाराच्या ढिगात एक पोलादी धूड दिसले. वर उचलायचे झाकण, आत वर-खाली दोन फिरणारे हात, तळाशी टाकी. भंगारवाला म्हणाला, पाडलेल्या एका मोठ्या हॉटेलातले आहे, साहेब लोकांच्या काळातले, ताटे धुवायचे. तळाला साठलेले पाणी गाळून तेच पुन्हा पुन्हा मारते आणि शेवटी स्वच्छ गरम पाण्याचा एक झोत सोडते. अर्जदाराच्या डोक्यात तिथेच उजेड पडला. लग्नातले जेवण राहून गेले.

४. चेअरमन मोहनराव यांना सांगितले तेव्हा ते लई हसले. "भामे, आता तुला हाटेल टाकायचंय का?" पण माणूस दिलदार, हे लिहिणे भाग आहे. पोचे पडलेले दुधाचे कॅन भंगारवाल्याला देऊन बदल्यात मशीन घ्यायला त्यांनी संचालकांना राजी केले. मशीन टेम्पोतून उतरले तेव्हा गाव जमले. कोणी म्हणे बर्फाचे आहे, कोणी म्हणे अंडी उबवायचे. एका म्हातारीने हळद-कुंकू लावले.

५. दुरुस्ती मोटारवाले ईश्वरप्पा यांनी केली. मोटारीचे वाइंडिंग नवे भरले. हीटर जळालेला होता, तो बदलला. झाकणाचे रबर कुजले होते. तिथे दुधाच्या कॅनची रबरे कापून, जोडून बसवली. फिरणाऱ्या हातांची भोके क्षाराने बुजून दगड झाली होती. ती टाक्या धुवायच्या ॲसिडने मोकळी केली तरी काही तोंडे झिजून गेलेली निघाली. मोहनराव यांनी स्वतःच्या शेतातल्या तुषार संचाच्या तोट्या काढून आणून दिल्या. म्हणाले, "रानात पानी न्हाई, तोट्या काय चाटायच्या हायेत?" आतला वर्षानुवर्षांचा चिकट थर अर्जदार व बायनाबाई यांनी खरवडला. बायनाबाई कंबरेपर्यंत मशीनमध्ये शिरायची आणि आतून ओरडायची, "भामे, मला हितंच धुवून काढ, घरी कोन बघतंय!" दुपारी भाकरी सोडली की अर्जदाराच्या डब्यातला ठेचा बायनाबाई बोटाने खायची. हे अर्जात लिहायचे कारण पुढे येईल.

६. मशीन चालू झाले. नारळ फुटला. मोहनराव यांनी भाषणात सांगितले की दुष्काळावर मात कशी करावी ते चिंचमळ्याच्या कामगाराकडून शिकावे. अर्जदाराने ताटे लावली, झाकण पाडले, बटण दाबले. आत पाऊस पडल्यासारखा आवाज झाला आणि ताटे लखलखीत निघाली. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात बायनाबाईने ती गरम ताटे उचलली, ओट्यावर नेली आणि तांब्याने त्यांच्यावर पाणी ओतायला लागली.

अर्जदार म्हणाली, "अगं बायनाबाई, मशीननं धुतलंय की. आता कावून?"

ती म्हणाली, "लावलीस तर तूच ना."

७. अर्जदाराने पुढची ताटे लावली. वाटले, सवय आहे, सुटेल. सुटली नाही. मशीन पाणी वाचवायचे आणि ओट्यावर ते ओतून जायचे. टँकर पुरेना. महिना सरताच संचालकांच्या बैठकीत मोहनराव म्हणाले, "मशीन लई पानी पितंय, बंद करा." अर्जदार चहा घेऊन आत गेली होती. ती तिथेच बोलली : "अण्णा, मशीन पीत न्हाई. दुसरं पाणी पितंय. ते बंद करा, मग बघा."

संचालकांनी पुढचा विषय घेतला.

नंतर मोहनराव यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन समजावले. आवाज चढवला नाही. "तुला अक्कल हाय म्हनून सांगतो. सगळ्यायला माहीत असतंय तेच बोलायचं नसतं, भामे. मी मानतो का असलं काही? मी तर तुझ्या घरी चहा प्यालो." महोदय, ते चहा प्याले हे खरे आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी प्याले.

८. दुसऱ्या दिवशी तोडगा निघाला. मशीन चालू ठेवायचे, पण ताटे बायनाबाईने लावायची. अर्जदाराने अंगण झाडायचे. पगार तोच. सगळे म्हणाले, नुकसान काय झाले? आणि महोदय, ज्या दिवशी बायनाबाईने ताटे लावली त्या दिवशीपासून दुसरे पाणी बंद. मशीन तेच, साबण तोच, ताटे तीच. आता टँकर पुरतो. मोहनराव यांचा पाणीबचतीबद्दल सत्कार झाला. त्यांना हार घातला तेव्हा अर्जदार अंगण झाडत होती.

ज्याला पुरावा हवा असेल त्याने एवढेच पाहावे. मशीन अर्जदाराच्या हाताखाली होते तेव्हा पाणी पीत होते आणि बायनाबाईच्या हाताखाली उपाशी राहते. असे मशीन जगात कुठे नसेल.

९. मोहनराव यांचा अर्जदाराला राग आहे, पण धक्का नाही. धक्का बायनाबाईचा आहे. ज्या बाईने अर्जदाराच्या डब्यातला ठेचा बोट चाटून खाल्ला, त्याच बाईला अर्जदाराने लावलेले ताट चालत नाही. तिला विचारले. ती रडली. "मला कावून मधी घेती? मी सांगितल्यालं करते. न्हाई वतलं तर उद्या माझ्या हातचं पानी कुनी घेनार न्हाई." अर्जदार म्हणाली, "मग माझ्यासारखी होशील. इतकं वाईट हाय का ते?" आता मशीन सुरू करताना ती अर्जदाराकडे पाठ करून उभी राहते.

१०. अर्जदार संस्थेची सभासद आहे. अर्जदाराच्या म्हशीचे दूध रोज संस्थेच्या टाकीत जाते आणि सगळ्या गावाच्या दुधात मिसळते. त्यावर कोणी दुसरे पाणी घालत नाही. घालत असतील तर त्यासाठी वेगळा अर्ज करीन.

११. पोलीस ठाण्याचा रस्ता अर्जदारास माहीत आहे, तिकडेही कागद जाईल. पण मशीन संस्थेचे, रीत संस्थेतली, म्हणून आधी आपणाकडे. विनंती अशी की, मशीनवरचे काम अर्जदारास परत द्यावे व ताटांवर दुसरे पाणी ओतू नये, असा लेखी आदेश संस्थेस व्हावा.

तसे करणे आपणास अडचणीचे वाटत असेल, तर निदान दुसरी विनंती मान्य करावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. सत्यभामा वाघमारे हिने लावलेल्या ताटावर पुन्हा पाणी ओतावे, असा ठराव सरळ मांडावा. एक सूचक लागेल, एक अनुमोदक लागेल, दोघांची नावे इतिवृत्तात येतील. मग मतदान हात वर करून घ्यावे. चिठ्ठी नको. आजवर हे काम तांब्याने झाले, आता हाताने होऊ द्या. अर्जदार सभेत पुढच्या ओळीत, सगळ्यांकडे तोंड करून बसेल. ज्यांना हात वर करायचा त्यांनी करावा, बायनाबाईनेसुद्धा. फक्त त्या वेळी तिने पाठ करू नये.

लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला उभी राहणारी,

सत्यभामा सटवा वाघमारे
चिंचमळा, दि. २१ मार्च २०१६

सोबत : काही नाही. कागद सगळे संस्थेकडे आहेत.