विषाचं क्रीम आणि ताईचं लग्न

३ तारीख, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. उद्या माझी कंपनी मोठी झाली की सुरुवात कशी झाली ते आठवत बसायला नको.

तर सुरुवात. मधमाश्यांच्या फार्मवर आहे. हुद्दा हेल्पर. मालक म्हणाला, सीझनभर नीट राहिलास तर विष काढायची फ्रेम तुझ्या हातात देईन. आज ती लांबून दाखवली. काचेची पाटी, वर बारीक तारा, तारांत बॅटरीचा हलका करंट. पेटीच्या तोंडाशी ठेवायची. माशीला झटका बसतो, ती चिडून काचेवर डंख मारते. काचेत नांगी रुतत नाही, त्यामुळे माशी जगते आणि विष काचेवर वाळतं. ब्लेडने खरवडलं की चिमूटभर पावडर. ती क्रीमवाले नेतात. बायका आपल्या हाताने तोंडाला विष फासतात! सुरकुत्या जातात म्हणे.

मालकाला म्हटलं, मग क्रीम आपणच करू की. म्हणाला, तू आधी बूट सरळ घाल. (डाव्याचा उजव्यात गेला होता. घाईत मोठ्या माणसांचं होतं असं.)

४, मंगळवार
ताईचं लग्न रविवारी. मला सुट्टी नाही. भेट काय पाठवावी कळत नव्हतं, आता कळलं. माझ्या कंपनीचा पहिला माल ताईच्या तोंडावर. नवरीचा चेहरा चमकला की पाहुण्या बायका विचारणारच. जाहिरात फुकट.

दुपारी मालक आणि मुकादम जेवायला बसले, तेव्हा अडगळीतली जुनी फ्रेम कोपऱ्यातल्या पेटीला लावली. सध्या फुलं नाहीत म्हणून माश्यांना साखरेचं पाणी द्यायचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे कुणाला संशय नाही. धावपळीत बादली जरा हिंदकळली, तेवढंच. बॅटरीचा लाल दिवा लागला नाही. दिवाच गेला असेल.

५, बुधवार. सकाळी
काचेवर पांढरा थर!! मालकाला सगळ्या पेट्या मिळून चिमूटभर मिळतं, मला एका पेटीत दोन चमचे. हातगुण म्हणतात तो हाच. मालकाच्या पावडरीने डोळे चुरचुरतात, खोकला येतो. माझीने काही नाही. एकदम सौम्य.

दुपारी
मेण वितळवलं, तेल घातलं, पावडर ढवळली. मनगटाला लावून टेस्टिंग केलं. कातडी चिकट झाली, पण तरुण वाटते.

मधाच्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याच गावचा. डबी त्याच्याकडे दिली. ताईला फोन केला, रविवारी सकाळी तोंडाला जाड थर लाव. ती म्हणाली, शहाण्या, तू केलंयस का हे? म्हटलं, कंपनीचं आहे. (खोटं नाही. कंपनी माझीच.)

६, गुरुवार
मालकाने सगळ्यांना उभं करून दम दिला. ज्याचं अंग माशी चावून एकदा सुजलंय, ज्याला दम लागलाय, त्याने विषाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. अशा माणसाच्या कातडीला हे लागलं तर घसा आवळतो. दवाखाना गाठेपर्यंत खेळ खल्लास.

मी मान डोलावत होतो. मग आठवलं. ताई. शाळेत असताना. मानेवर माशी चावली आणि डोळे दिसेनासे झाले. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाबांनी पाठीवर टाकून पळत नेलं होतं.

पण ती गांधीलमाशी असणार. आणि ताई आता मोठी झालीय. मोठेपणी जातं असलं. मी शांत आहे. जेवलो नाही ते भाजी खारट होती म्हणून.

७, शुक्रवार
ताईचा फोन बंद. आईला लावला. आई म्हणाली, ती शिंप्याकडे गेलीय, आणि तू येत नाहीस ते नाहीसच, वर कामाच्या माणसांना अडवतोस. डबी आली का विचारलं. म्हणाली, आली की, ताईने कपाटात जपून ठेवलीय. भावाने पाठवलंय म्हणून सगळ्यांना दाखवते.

जपून ठेवलीय.

सांगणारच होतो. पण आईला बीपी आहे. केवळ आईसाठी गप्प बसलो.

८, शनिवार. दुपारी
ताईला मेसेज केला, क्रीम लावू नको, एक्सपायरी झालीय. तिने बघितलाच नाही. फोन मावशीने उचलला. म्हणाली, आज नवरीला नवऱ्याचाही फोन देत नाही, तू कोण लागून गेलास? मी ओरडलो, तिला सांग क्रीम लावू नको! मावशी म्हणाली, अरे लाजतोस काय, सकाळी उठल्या उठल्या लावणार आहे ती. आणि फोन ठेवला. परत उचलेना. तोच नंबर वीसदा लावला. चहा जास्त झाला असेल.

संध्याकाळी
मालकाला सगळं सांगितलं. अडगळ, फ्रेम, डबी, ताईचा श्वास. वाटलं मारणार. त्याने गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, बस.

९, रविवार
रस्ताभर मालक एकच वाक्य बोलला, खिडकीची काच वर घे. मी मनात ताईशी बोलत होतो. काय ते लिहीत नाही.

उजाडताना पोचलो. दारात गर्दी. मी बूट न काढता आत घुसलो. ताई आरशासमोर. चेहरा कोरडा, नेहमीचा. म्हटलं, डबी?

ताई म्हणाली, मुडद्या, त्या डबीला मुंग्या लागल्या! कपाटभर! माझ्या साडीपर्यंत आल्या होत्या. मघाशी परसात फेकली. साखर घातली होतीस का रे त्यात?

मालक मागे उभा होता. त्याने विचारलं, किती निघालं होतं? म्हटलं, दोन चमचे. दिवा लागला होता? म्हटलं, नाही. मालक खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. हसत होता की काय, कळलं नाही. मग त्याने मावशीला सगळं सांगितलं. अथपासून.

ताई म्हणाली, काही का असेना, त्या निमित्ताने आलास.

१०, सोमवार
परत फार्मवर. कोपऱ्यातल्या पेटीला साखरेचं पाणी घातलं. मुकादम शेजारी उभा राहून बघत होता. सीझनभर बघणार आहे म्हणे. फ्रेमचा विषय मालकाने काढला नाही, मीही नाही.

लग्न छान झालं. क्रीमबद्दल पाहुण्या बायकांनी विचारलंच. प्रत्येकीने.