माझ्या पश्चात तळ्याच्या काठी काय लावावे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सत्तेचाळीस, अविवाहित, महाविद्यालयात ग्रंथपाल, माझ्याच टेबलावर बसून माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. येत्या सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले. ते दोनदा म्हणाले, म्हणून मी लिहायला बसलो.

मी रागात आहे, हेही नोंदवतो. रागाने मृत्युपत्र बाद होते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "तसं असतं तर आमचा धंदाच बसला असता, सर."

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण, माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, देऊ नये. बाबांनी दुकान ताईला दिले आणि घर मला, तेव्हाच ती वाटणी झाली. अट एकच: अंगणातले तळे बुजवायचे नाही. ताई त्याला 'डबकं' म्हणते. "ते डबकं बुजव, वर फरशी घाल, दोन गाड्या आरामात उभ्या राहतील," हे तिचे वाक्य माझ्या डायरीत सहा वेळा आले आहे. माझ्याकडे गाडी नाही. तिच्याकडे दोन आहेत.

कलम २. बँकेत जे असेल ते भाचीच्या शिक्षणासाठी. पुस्तके महाविद्यालयाला, मात्र आमच्या प्राचार्यांना त्यांतले एकही घरी नेऊ देऊ नये. त्यांनी नेलेले परत येत नाही.

कलम ३. माझ्या तेवीस डायऱ्या ताईला द्याव्यात. तिने त्या वाचाव्यात. निदान मागच्या नऊ वर्षांच्या तरी वाचाव्यात, म्हणजे आपण काय केले हे तिला कळेल.

कलम ४. तळ्याचा काठ. हे कलम लांबणार आहे, कारण भांडण इथेच आहे.

तळे बाबांनी आणि मी मिळून खणले. खाली जाड काळे प्लास्टिकचे अस्तर, त्यावर माती, कडेने दगड. काठी काय लावायचे यावर बाबांनी वर्षभर विचार केला. ते म्हणायचे, "पाण्यात काहीही जगतं रे. काठावर जगून दाखवायला पाहिजे." काठावरच्या झाडाला चार महिने घोट्याएवढे पाणी सोसावे लागते आणि चार महिने तडकलेली माती. वरून ऊन, खालून चिखल, शिवाय ये-जा करणाऱ्यांचे पाय. बाबांनी तीन झाडे निवडली. पाण्याच्या रेषेवर वेखंड: पाने तलवारीसारखी, चुरगळली की वास, आणि वर सगळे वाळले तरी खाली कंद जिवंत. त्यामागे माती धरून ठेवायला लव्हाळा. दगडांच्या फटींतून पसरायला ब्राह्मी. एकालाही दिमाखदार फूल नाही. बाबा गेले तेव्हा काठ असा होता की माती कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते दिसत नसे.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते तेव्हा ताईच्या घराची दुरुस्ती निघाली आणि ती चार महिने इथे राहायला आली. सोबत तिचा माळी. मी एका गुरुवारी कामावरून परतलो तर काठ साफ. दगड धुतलेले, आणि मधून मधून दुकानातली नाजूक रोपे, मोठ्या पानांची, गुलाबी फुलांची, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची छापील चिठ्ठी.

मी विचारले, "वेखंड कुठंय?"

ताई म्हणाली, "माळ्याने काढलं. त्याला गवत वाटलं असेल. आता छान दिसतंय की नाही?"

"ते बाबांनी लावलेलं होतं."

"बाबांनी लावलेलं सगळंच ठेवायचं म्हटलं तर घरात पाय ठेवायला जागा उरायची नाही."

मी माळ्याला एक शब्दही विचारला नाही. तो नळाशी फावडे धूत उभा होता. त्याने वर पाहिले आणि परत खाली पाहिले. हे मी त्या दिवशी लिहून ठेवले आहे, पण अर्थ लावला नाही.

उन्हाळा संपेपर्यंत छापील चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. पहिल्या मोठ्या पावसात उघडा काठ पाण्यात गेला, पाणी चहासारखे झाले, आणि बाबांचे सगळे मासे एका आठवड्यात मेले. मी ते एकेक करून काढले. ताई तोपर्यंत आपल्या घरी गेली होती. फोनवर म्हणाली, "अरे, मासेच ना ते?"

म्हणून मी लिहून ठेवतो की काठी फक्त वेखंड, लव्हाळा आणि ब्राह्मी लावावी, आणि ताईने त्या काठाला हात लावू नये. भाचीनेही आईच्या सांगण्यावरून लावू नये.

कलम ५. (हे कलम मी खोडले आहे, पण वाचता येईल असे. खाली लहान सही आहे.) *ताईने व तिच्या माळ्याने दगड हलवताना फावड्याने तळ्याचे अस्तर फाडले. म्हणून तळे गळते. गेली आठ वर्षे मी रोज संध्याकाळी नळी लावून ते भरतो आणि रोज संध्याकाळी ताईची आठवण काढतो. हे नुकसान तिने कधी कबूल केले नाही. डायऱ्यांखेरीज माझ्या मालमत्तेतली एक सुईसुद्धा तिला मिळू नये.*

कलम ६. वरचे सगळे मंगळवारी लिहून झाले. बुधवारी दोन साक्षीदार बोलावले होते. त्यातल्या एक, रोपवाटिकेच्या मालकीणबाई, जरा लवकर आल्या. मी दवाखान्यात असताना नळी लावायला कोणी नसणार, तेव्हा तळे रिकामे करून भोक बुजवू, असे त्यांचेच म्हणणे होते. इतक्या वर्षांत मी ते केले नव्हते. भोक शोधायला तळे रिकामे करावे लागते, आणि भोक कोणी पाडले हे मला माहीत असल्यामुळे ते शोधण्याची गरज मला वाटली नव्हती.

पाणी उपसले. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाणकणसाचे बेट आहे, पुरुषभर उंच. ते मी लावलेले. ताईची रोपे मेली त्या हंगामात, ती आणि माळी अजून इथे असतानाच, मी ठरवले होते की आता असे काही लावायचे जे कोणाच्या बापाला मारता येणार नाही. बाईंनी बेटाखाली हात घातला, बराच वेळ चाचपले आणि म्हणाल्या, "सर, इकडे या. हे धरा."

माझ्या हातात एक मूळ आले, अंगठ्याएवढे जाड, आडवे धावणारे, टोकाला सुईसारखे अणकुचीदार. ते अस्तरातून आरपार गेले होते. शेजारी दुसरे होते. मी सात मोजली.

"फावडं लांब चीर पाडतं," बाई म्हणाल्या. "ही भोकं गोल आहेत. पाणकणीस असं मोकळं कोणी लावलं?"

"मी."

"आणि कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी आत जाऊन त्या वर्षाची डायरी काढली. पाणकणीस लावल्याच्या दिवसाची नोंद साडेतीन ओळींची आहे. शेवटची ओळ अशी: 'माळी म्हणाला, हे मोकळं सोडू नका, बादलीत लावा. ताईचा माणूस. ऐकले नाही.'

ही ओळ माझ्याच अक्षरात आहे. डायरी लिहिणाऱ्याने ती वाचावीही, हे मी इतरांना सांगत आलो.

दुसरे साक्षीदार, गल्लीतले शिंपी, आले तेव्हा बाईंनी कलम पाच वाचून पेन टेबलावर ठेवून दिले होते. "खोट्या कलमाखाली मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटले, कलम खोडतो. त्या म्हणाल्या, "खोडा. आणि आधी बहिणीला फोन करा. मेल्यावर कळवायची ही कुठली रीत?" शिंप्यांनी कारण न विचारता त्यांची बाजू घेतली.

फोन मी त्या दोघांसमोर केला. मी म्हटले, "ताई, तळ्याचं अस्तर तुझ्या माळ्याने फाडलं नव्हतं. माझ्या पाणकणसाने फाडलं."

ती म्हणाली, "मी त्याला कामावरून काढला."

"कोणाला?"

"माळ्याला, मूर्खा! तू मला फोनवर इतका बोललास, 'तुझ्या माणसाने बाबांचं तळं फोडलं', म्हणून मी त्याला दुसऱ्या दिवशी काढला. बारा वर्षं होता तो आमच्याकडे. एक शब्द उलट बोलला नाही. आणि तू आज सांगतोस?"

हे मला माहीत नव्हते. मी विचारलेही नव्हते. ती ओरडत होती आणि पहिल्यांदाच तिचे ओरडणे बरोबर होते. मी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि वेखंड?"

"वेखंडाचं काय?"

"ते त्याने काढलं होतं?"

"मी काढलं," ती म्हणाली. "मला गवत वाटलं. तो नको म्हणत होता. तू घरी आलास तो तोंड असं करून, की मी त्याचं नाव घेतलं."

म्हणजे वेखंड तिने उपटले आणि नाव त्याचे घेतले. अस्तर मी फाडले आणि नाव त्याचे घेतले. नऊ वर्षे आम्ही भावंडे एकमेकांशी भांडत होतो, आणि बाहेर पडला तो.

माझा ताईवरचा राग यामुळे कमी झाला का, हे मी प्रामाणिकपणे तपासून पाहिले. झालेला नाही. मासे मेले तेव्हा ती जे बोलली ते तिने बोलायला नको होते. फक्त आता त्या रागाशेजारी दुसरा आहे आणि तो मोठा आहे. तो माझ्यावरचा आहे.

कलम ७. माळी कुठे आहे हे बाईंना ठाऊक होते. तो आता एका वाहनतळावर चौकीदार आहे. गुरुवारी ताई आणि मी गेलो. वाटेत तिच्या गाडीत तिने एवढेच विचारले, "पोटाचं म्हणजे नेमकं काय आहे?" आणि मी सांगितले.

तो फाटकाजवळ खुर्ची टाकून बसला होता. केस पूर्ण पांढरे. जिकडे पाहावे तिकडे फरशी. आम्ही दोघांनी आपापले सांगितले, मधे मधे एकमेकांचे तोडत. तो उभा राहिला नाही. झाल्यावर म्हणाला, "माफी ठेवा तुमच्याकडं. मी दोनदा सांगितलं होतं, सर. दोनदा."

माझ्या डायरीत एकदाच लिहिलेले आहे. तो दोनदा म्हणतो. त्याचे खरे धरावे.

मी म्हटले की माझी सगळी औजारे, फावडी, खुरपी, पहार, छाटायच्या कात्र्या, मी मृत्युपत्रात तुमच्या नावे करत आहे.

"तुम्ही मेल्यावर मला फावडं मिळणार?" तो म्हणाला. "माझं वय काय, तुमचं काय? कोण आधी जातंय कोणास ठाऊक. द्यायचं तर आज द्या."

ताई हसली. मग तिला हसायला नको होते असे वाटले असावे, कारण तिने तोंडावर हात धरला. माळी हसला नाही. आम्ही निघालो तेव्हा त्याने मागून हाक मारली, "पाणकणीस आता तरी बादलीत लावलंत का?"

मी म्हटले, अजून नाही.

"मग कशाला आलात?"

कलम ८. म्हणून पुढील बदल करतो.

(अ) घर भाचीलाच, तळे न बुजवण्याच्या अटीवर. ताईने हात लावू नये हे कलम चारमधले शब्द मागे घेतो. त्याऐवजी असे: दर दोन वर्षांनी वेखंडाचे कंद दाटतात, ते उपटून, फोडून पुन्हा लावावे लागतात. हे काम ताईने स्वतः, चिखलात उभे राहून करावे. माणूस पाठवू नये.

(आ) माझ्या हयातीत आणि नंतरही, काठावर काय राहील आणि काय जाईल हे माळी ठरवेल. त्याचा शब्द माझ्या यादीपेक्षा वरचा. या कामाचा मोबदला भाचीने कलम दोनच्या रकमेतून आधी बाजूला काढावा आणि मग शिकावे.

(इ) डायऱ्या ताईला, पण त्या वर्षाची सोडून. ती माळ्याने मागितली तर त्याला द्यावी, नाही तर भाचीने ठेवावी. त्यात पान दुमडून ठेवले आहे.

(ई) औजारे या मृत्युपत्रात नाहीत. आज सकाळी तो येऊन ताब्यात घेऊन गेला; म्हणजे गेलेला नाही, मागे अंगणातच आहे.

रोपवाटिकेच्या बाईंना मी काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. ते हेही म्हणाले की हे मृत्युपत्र आहे की पोथी, पण सहीला हरकत नाही.

अस्तराला लावायची सात ठिगळे कापून तयार आहेत; पाणकणीस निघाले की लागतील. बाईंनी वेखंडाचे दोन घमेले भरून कंद आणले होते, ते सकाळीच काठावर लावले. आता पाणकणीस निघते आहे. ताई दक्षिणेच्या कोपऱ्यात कोपरापर्यंत चिखलात आहे आणि माळी दगडावर बसून तिला सांगतो आहे. खिडकीतून ऐकू येते.

"ताई, ते नाही. हात काढा. ते वेखंड आहे."

"दिसतंय मला."

तिला दिसत नव्हते.

हे सर्व मी वाचून पाहिले, खोडलेल्यासह. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे खरे आहे. याआधी मी अनेकदा असेच समजलो होतो, म्हणून शंका आल्यास माळ्याला विचारावे.

ठिकाण: राहते घर, मागच्या खोलीतले टेबल
दिनांक: मंगळवार ११ (खोडले), शुक्रवार १४, सकाळी साडेअकरा

(सही) मृत्युपत्र करणारा

आमच्या डोळ्यांसमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

(सही) साक्षीदार पहिल्या, रोपवाटिकेच्या मालकीण. हात चिखलाचे असल्याने कागदावर डाग पडला आहे, तो माझा.

(सही) साक्षीदार दुसरे, गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले शिंपी. बुधवारी येऊन सही न करता परत गेलो होतो, तोही मीच.